इथले बारा, तिथले साडेसात

आमच्या शाळेच्या घंटामावशीच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातावर इथली वेळ, उजव्या हातावर लेकीच्या गावची. नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात विचारायचा, "मावशी, एक बंद पडतं म्हणून दुसरं ठेवलंय का?" त्यावर मावशी त्याच्याकडे अशी काही बघायची, की पुढे वर्षभर तो तिला किती वाजले हेसुद्धा विचारायचा नाही.

मी त्या शाळेची मुख्याध्यापिका होते. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. थोरामोठ्यांची चरित्रं लिहायला पुष्कळ लोक टपून बसलेले असतात. त्यांनी ती खुशाल लिहावीत. मला शिपाईबाईबद्दल लिहायचंय, आणि तेही ती फार गुणाची होती म्हणून नव्हे. गुणाची होतीच. पण तिच्याइतकी जळकी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. बाकीचे आपण जळफळाट पोटात ठेवतो आणि चेहऱ्यावर हसू आणतो. मावशी तो व्हरांड्यात उभी राहून करायची.

दिसायला बुटकी, खांद्यांनी रुंद, चालताना चपला आपटणारी. नवरा आमच्याच शाळेत शिपाई होता. तो अकाली गेला तेव्हा त्याच्या जागी हिला घेतलं. फाटकाला लागून दोन खोल्या होत्या, तिथे ती आणि तिची एकुलती एक लेक राहायच्या. खोल्या उघडणं, पाणी भरणं, खडू-डस्टर देणं, वर्गावर्गांतून सूचनेची वही फिरवणं ही सगळी कामं ती करायची, पण तिचा जीव होता घंटेत. व्हरांड्याच्या तुळईला पितळेची जाडजूड थाळी टांगलेली होती आणि ती बडवायला लाकडी मोगरी. शाळा भरतानाची, तास संपल्याची, मधल्या सुट्टीची, शाळा सुटल्याची, अशी प्रत्येक घंटा ती वेगळी वाजवायची. मधल्या सुट्टीची तर अशी, की नुसती ऐकून भूक लागावी.

आणि ती घंटा काही एकट्या शाळेची नव्हती. समोरचा शिंपी तिच्या बाराच्या घंटेला मशीनवरचा पाय काढायचा. औषधांच्या दुकानाचं शटर त्याच घंटेला अर्धं खाली यायचं. पोस्टातला कारकून खिडकीत "जेवणाची सुट्टी" पाटी ठेवायचा. गावात घड्याळं काय कमी होती? पण घड्याळावर कुणाचा भरवसा नव्हता, मावशीवर होता. एकदा मी हौसेने शाळेत विजेची घंटा बसवली. तिचा आवाज म्हणजे कुणी तरी पत्र्याचा डबा खरवडतंय. शिंपी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात येऊन भांडला, म्हणाला, तुमच्यापायी माझं जेवण थंड झालं. काही महिन्यांतच ती घंटा जळाली. कशी जळाली ते मला ठाऊक नाही. संशय आहे, पुरावा नाही.

मावशीची लेक हुशार निघाली. रक्त तपासण्याचं शिक्षण घेतलं, लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर दूरदेशी गेली. मोठ्या शहरात नव्हे, आमच्यासारख्याच एका लहानशा गावात. तिथे ती दवाखान्यात आणि जावई दुधाच्या कारखान्यात. जावयाची आई, म्हणजे मावशीची विहीण, पुष्कळ वर्षांपासून त्याच गावात स्थायिक झालेली. ती खालच्या मजल्यावर आणि ही दोघं वर. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपल्याकडे दुपारचे बारा होतात तेव्हा तिथे सकाळचे साडेसात.

नात झाली तेव्हा मावशीचे कागद वेळेत झाले नाहीत, ती जाऊ शकली नाही. विहीण तिथेच होती. सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

"बाई, पहिली अंघोळ तिने घातली," मावशी मला सांगायला आली.

मी विचारलं, मग काय तुम्ही येईपर्यंत लेकराला तसंच ठेवायचं होतं? दोन दिवस माझ्या टेबलावर पाण्याचा पेला आला, तो झाकण नसलेला.

पुढे नातीचं रांगणं, बोलणं, पहिला दात, सगळं मावशीने फोनच्या काचेतून पाहिलं. आणि त्या काचेत दर वेळी, कोपऱ्यात का होईना, विहीण असायचीच. कधी नुसता हात, कधी साडीचा काठ, कधी मागून आवाज. "मी लेकीला म्हटलं, फोन जरा डावीकडे धर, तर तिथे त्यांचा चष्मा ठेवलेला," मावशी म्हणायची. ती बाई तिला कधी वेडंवाकडं बोलली नाही. "विहीणबाई, जेवलात का?" असं प्रेमाने विचारायची. मावशीला त्याचाच जास्त राग. भांडायला जागा म्हणून नाही.

विहिणीशी भांडता येईना, म्हणून मग मावशी तिच्या गावाशी भांडायला लागली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा आणून ठेवायची आणि त्या गावच्या बातम्या सांगायची. कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथे, पण कुठल्या वारी कचऱ्याची गाडी येते आणि कुठल्या रंगाच्या डब्यात बाटल्या टाकायच्या, हे तिला तोंडपाठ. तिथे म्हणे संध्याकाळी पाचला सगळी दुकानं बंद. सहाला रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही. आणि आपल्याकडे? सहाला तर लोक घराबाहेर पडतात, पायऱ्यांवर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. तिथे शेजारी दारात येण्याआधी फोन करून विचारतात, येऊ का म्हणून. "मरतानासुद्धा आधी कळवून मरत असतील," मावशी म्हणाली. तिथली बस अगदी मिनिटावर येते. पण आत असतं कोण? ड्रायव्हर आणि एक म्हातारा. आपली बस येईल तेव्हा येते, पण भरून येते. तिथे थंडीत चारलाच काळोख पडतो, आणि लोक त्या काळोखात खिडकीत दिवे लावून गप बसतात.

गणिताच्या बाई एकदा म्हणाल्या, "मावशी, एवढं वाईट गाव आहे, तर लेकीला बोलावून का घेत नाही?"

मावशी किटली उचलून तडक निघून गेली. एवढं नावं ठेवत होती त्या गावाला, पण डोळे लागलेले होते तिथेच. तिथल्या त्या मुक्या रस्त्याचासुद्धा तिला हेवा वाटायचा, कारण त्याच्यावरून नात चालत जायची.

नात चार वर्षांची झाली आणि तिथल्या बालशाळेत जायला लागली. लेक-जावई दोघंही उजाडायच्या आत कामाला जायचे, तेव्हा सकाळी वर येऊन नातीला उठवायचं काम विहिणीकडे. लेकीने कौतुकाने एक दिवस त्याचा व्हिडिओ पाठवला. विहीण खाटेवर बसलीय, नातीच्या पाठीवरून हात फिरवतेय, नात डोळे न उघडताच तिच्या मांडीवर सरकतेय. बस, इतकंच. मावशीने तो आणून मला दाखवला.

"बाई, मी आख्ख्या गावाला उठवते, बसवते, जेवायला धाडते. आणि माझ्या नातीला दुसरीच उठवते."

मी म्हटलं, मावशी, उठवण्यात काय एवढं? ओरडलं की उठतं पोर.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. "झोपेतून डोळे उघडल्यावर पहिलं तोंड जिचं दिसतं, तीच पोराची खरी. बाकीच्या सगळ्या पाहुण्या."

हे तिचं स्वतःचंच शास्त्र होतं. पण एकदा तिने ते मनावर घेतलं म्हटल्यावर संपलं. लेकीला फोन करून तिने सांगितलं, उठवायचं काम मला दे. बाकी सगळं त्यांनी करावं, वेणी घालावी, दूध द्यावं, शाळेत सोडावं. उठवणार मी. लेकीने आधी हसून टाळलं, मग वैतागून टाळलं, शेवटी सासूशी बोलली. विहीण लगेच तयार झाली. त्यामुळे मावशीला आनंद व्हायचा तेवढा झाला नाही. जरा तरी नाही म्हणायला हवं होतं, असं तिचं म्हणणं.

तिथले साडेसात म्हणजे इथले बारा, आणि बाराला आमची मधली सुट्टी. शाळेच्या वेळात मोबाइल हातात घ्यायचा तो फक्त मधल्या सुट्टीत, हा नियम मीच केलेला, शिक्षक-शिपाई सगळ्यांना सारखा. तेव्हा सगळं जमून आलं. मावशी बाराची घंटा द्यायची, मोगरी खुंटीला अडकवायची आणि पोरांच्या लोंढ्यातून वाट काढत खेळाच्या सामानाच्या खोलीत पळायची. तिथे बंद दाराआड, चेंडूंच्या जाळीशेजारी उभी राहून फोन लावायची. फोन नातीच्या उशीजवळ धरलेला असायचा. मावशी तोंडानेच घंटा वाजवायची, "ठण ठण ठण, ऊठ गं पिटुकले, शाळा भरली." पोरगी डोळे चोळत हसायची. मी एकदा सामानाची यादी करायला त्या खोलीत गेले, तेव्हा हे सगळं स्वतः पाहिलंय. मावशीचं तोंड त्या वेळी असं झालेलं, की मी यादी पुढच्या आठवड्यावर ढकलली.

कुसळ एकच राहिलं. तिकडे फोन धरणारी कोण? विहीणच. "हात तर तिचेच," मावशी म्हणायची. "कोपऱ्यात अंगठा दिसतो." मी म्हटलं, मग फोन उशीला टेकवून ठेवायला सांगा. तसंही करून पाहिलं. फोन पडला आणि नातीला न उठवता मावशीने पाच मिनिटं छताला उठवलं. पुन्हा अंगठा आला.

असे काही महिने बरे गेले. मग थंडी सुरू व्हायच्या बेताला एका सोमवारी मावशीने नेहमीसारखी घंटा दिली, खोलीत गेली, फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. उचलला तेव्हा तिकडे काळोख. मावशीला वाटलं, खिडकी बंद असेल. तिने जोरात ठण ठण केलं. पोरगी दचकून उठली आणि जी रडायला लागली ती थांबेचना. मग दिवा लागला आणि विहिणीचं तोंड पुढे आलं, अंगठा नव्हे, पुरतं तोंड. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "अहो विहीणबाई, साडेसहाच वाजलेत इथे. शनिवारी रात्री घड्याळं मागे केली ना आम्ही."

मावशीच्या उजव्या हातावर साडेसात वाजले होते. घड्याळ चांगलं होतं, सेल नवा होता.

ती तशीच माझ्या कार्यालयात आली. दार वाजवलं नाही. म्हणाली, त्या बाईने घड्याळ फिरवलं. मी विचारलं, कुणी? "विहिणीने. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आम्ही मागे केली म्हणाली. माझा तास काढून घेतला, बाई."

मी तिला समजावलं, की थंडीत तिथलं सरकारच सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे घेतं आणि उन्हाळा आला की पुढे करतं. तिथे ते वर्षानुवर्षं चाललंय. तिला पटेना. भूगोलाच्या सरांना बोलावलं. सरांना असा विद्यार्थी रोज कुठे मिळतो? ते पृथ्वीचा गोल आणि बॅटरी घेऊन आले, खिडकीचे पडदे ओढले, गोल फिरवला, सूर्य उगवून दाखवला, मावळून दाखवला. मावशीने सगळं नीट पाहिलं.

"सर, पृथ्वी फिरते ते कळलं," ती म्हणाली. "आपली आपण फिरते, कुणाला विचारत नाही. पण घड्याळ कुणीतरी हातानेच फिरवतं ना?"

सरांनी बॅटरी बंद केली.

लेकीनेही फोनवर तेच सांगितलं, की सरकारी कारभार आहे, मीच तुला कळवायला विसरले. मग मावशीने सरकारचं मान्य केलं, पण विहिणीला सोडलं नाही. तिचं म्हणणं, आधी कळवता आलं असतं. तिला ठाऊक होतं मी फसणार, आणि तिने मला फसू दिलं. खरं सांगायचं तर, मी विहीण असते तर मीही नसतं कळवलं.

अडचण पुढे होती. आता तिथे साडेसात वाजायचे तेव्हा आमच्याकडे एक. एक वाजता सुट्टी संपून तास चालू झालेला, फोनला बंदी, आणि मावशीला पाणी भरून पुढच्या तासाच्या घंटेला उभं राहायचं. मावशी माझ्याकडे आली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, थंडीपुरती मधली सुट्टी बाराऐवजी एकला करा.

मी नाही म्हटलं. सहावीच्या पोरांना साडेअकरालाच भूक लागते. मग म्हणाली, निदान मला एकला पाच मिनिटं फोन करू द्या. मी तेही नाही म्हटलं. शिक्षकांचे फोन काढून घ्यायचे आणि शिपाईबाईला सूट द्यायची, तर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर रांग लागली असती. तेव्हाही मला ते बरोबर वाटलं होतं, आजही वाटतं. ती निघून गेली.

त्याच आठवड्यात मला बैठकीसाठी बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा बारा वाजून बराच वेळ झाला होता. रस्त्याच्या तोंडाशीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शिंपी मशीनवर वाकलेला. औषधांचं दुकान सताड उघडं, दुकानदार मनगटाकडे बघतोय, मग शाळेकडे बघतोय, मग मनगटावर टिचकी मारतोय. पोस्टाच्या खिडकीत पाटी नाही. आत कारकून चेहरा पाडून तिकिटं विकतोय. सगळी गल्ली उपाशी बसलेली, आणि एकालाही स्वतःच्या घड्याळावर विश्वास ठेवायचं धैर्य नाही.

शाळेत तर कहरच. शिक्षकांना वाटलं, बाई जाताना हुकूम देऊन गेल्या असतील. पोरांनी बाकाखाली डबे उघडलेले, सगळ्या वर्गांना जेवणाचा वास. भूगोलाचे सर समुद्रप्रवाह शिकवत होते आणि मागच्या बाकावरून त्यांना कुणीतरी घास पुढे केला होता, म्हणे. आणि मावशी? ती घंटेखाली स्टुलावर बसलेली, मांडीवर मोगरी, नजर उजव्या मनगटावर.

मी विचारलं, घंटा का झाली नाही?

"व्हायचीय अजून," ती म्हणाली. "साडेसात वाजायचेत."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, त्यांचं आख्खं गाव तासभर मागे सरकलं. शाळा सरकल्या, दवाखाने सरकले, बस सरकली. कुणी ओरडलं नाही. मी एक सुट्टी सरकवली, तर केवढा गुन्हा. त्यांचं सरकार आहे. माझ्याकडे मोगरी आहे, मी तिने सरकवलं."

शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला मला त्या क्षणी वेळ नव्हता. मी हात पुढे केला. तिने मोगरी काही दिली नाही. उठली, आणि स्वतःच घंटा दिली. सुट्टीची ती घंटा मी जन्मात विसरणार नाही. कुणाच्या तरी पाठीत रट्टे घालावेत तशी. समोर शिंप्याने मशीनवरचा पाय काढला.

त्यानंतर थंडीभर नातीला उठवलं ते विहिणीनेच. मावशी संध्याकाळी फोन करायची, नात बालशाळेतून आल्यावर, पण ते काही तिच्या हिशेबात बसत नव्हतं, ते पाहुणीसारखं. आणि वर कडी म्हणजे लेकीने पुन्हा एक व्हिडिओ पाठवला. या लेकीला अक्कल किती, असं मला नेहमी वाटे. नात तिथल्या आजीच्या हाताने उठेना, घंटा हवी म्हणून हटून बसायची, म्हणून विहीण स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत होती. ठण ठण ठण. पोरगी हसत उठत होती.

मला वाटलं, मावशी खूश होईल. नात तिची घंटा मागत होती ना? पण मावशीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाली, "आता हेही घेतलं."

"अहो, तुमचीच आठवण काढते ना पोर," मी म्हटलं.

"आठवण माझी, पेला तिचा," मावशी म्हणाली. "आणि वाजवते कशी बघा. ताल नाही, काही नाही. उद्या पोर म्हणेल, घंटा अशीच असते."

उन्हाळ्याच्या तोंडावर तिथली घड्याळं पुन्हा पुढे गेली. या वेळी मावशीला ते आठवडाभर आधीच ठाऊक होतं. उजव्या हातावरचं घड्याळ तिने शनिवारी संध्याकाळीच पुढे करून ठेवलं, सरकारच्याही आधी. पण सोमवारी बाराला फोन लावायची वेळच आली नाही, कारण लेकीने रजा काढली होती. ती नातीला घेऊन इथेच येत होती, तीन आठवड्यांसाठी. विहीण येणार नव्हती. तिचे गुडघे दुखत होते. मावशीने तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बरंच दुखतायत." तोंडावर काळजी होती, असं मी म्हणू शकत नाही.

त्या दोघी संध्याकाळी आल्या. मी भेटायला गेले तर नात आईच्या खांद्यावर पेंगत होती. आजीकडे बघून तिने तोंड लपवलं. मावशी म्हणाली, उद्या बघा. उद्या मी उठवते तिला.

दुसऱ्या दिवशी मावशीने शाळा वेळेवर भरवली, तासांच्या घंटा दिल्या. मधे मधे खोलीत डोकावून यायची. पोरगी गाढ झोपलेली, तिच्या अंगात अजून तिकडचीच वेळ. मावशी मला म्हणाली, बाराला उठवते, म्हणजे तिचे बरोबर साडेसात. बाराची घंटा द्यायची आणि पळायचं, असा तिचा बेत.

बारा वाजले. घंटा झाली नाही.

मी पाच मिनिटं वाट पाहिली. शिक्षक वर्गातून डोकावून माझ्या दाराकडे बघायला लागले. मागचा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात होता. मी स्वतः उठले, खुंटीची मोगरी काढली आणि घंटा बडवली. पोरं धावली, पण समोरचा शिंपी हलला नाही. त्याने मान वर करून पाहिलं, ही काही मावशीची घंटा नव्हे असं ठरवलं, आणि पुन्हा शिवायला लागला. मी मोगरी टाकली आणि तणतणत फाटकाजवळच्या खोल्यांकडे गेले.

लेक दारात बसून केस विंचरत होती. तिने मला बघून कपाळाला हात लावला आणि आत बोट दाखवलं. आत मावशी खाटेच्या कडेला बसलेली. नात पालथी, एक गाल उशीत दाबलेला, तोंड अर्धं उघडं. मावशीचा हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, तसाच अधांतरी. किती वेळ तसा होता कोण जाणे.

मी तोंड उघडणार, तर तिने माझ्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. मला. मुख्याध्यापिकेला.

मग कुजबुजली, "उठवत नाही बाई तिला. बघा तरी कशी झोपलीय. मी नेहमी जागीच पाहिली. झोपलेली ही अशी कधी दिसलीच नाही मला. फोन लावायचा तो उठवायलाच. ही झोप तिथे रोज विहिणीच्या वाट्याला, आणि मला तिने कधी सांगितलंसुद्धा नाही."

एवढ्यात उशाशी ठेवलेला फोन थरथरला. मावशीने झडप घालून उचलला, आवाज व्हायच्या आत. काचेत विहीण होती. अंगावर शाल, मागे सकाळचा उजेड आलेलं स्वयंपाकघर.

"उठली का?" विहीण म्हणाली. "म्हटलं, साडेसात वाजले, तर मी इथूनच उठवते. सवय झालीय हो."

मावशी अगदी हळू, पण एकेक शब्द चघळत बोलली. "नाही उठली. आणि कुणी उठवायचंही नाहीये."

विहिणीच्या मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, इतकं ते घर रिकामं. मग ती म्हणाली, "मग नुसती बघू का? दोन मिनिटं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. थोड्या वेळाने मागून हालचाल झाली म्हणून वळले. मावशीने नातीला दाखवलं होतं, पण पायांकडून. त्या बिचारीला दोन पावलं आणि वर कुठेतरी केसांचा झुबका, एवढंच दिसत असणार.

विहीण तेवढंही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "विहीणबाई, तो मोजा काढा तिच्या पायातला. मोजे घालून तिला नीट झोप लागत नाही."

मावशीने मोज्याकडे पाहिलं. एका पायातला कधीच निघून पांघरुणात गेला होता, दुसरा टाचेवर लोंबत होता. "बरं, ठेवते," एवढंच म्हणाली, फोन बंद केला, पालथा करून उशाखाली सरकवला. आणि मग, मी बघत नाही असं वाटून, तो मोजा दोन बोटांनी हळूच काढला.